अकरावा पंखा

— न्हाय न्हाय, प्रतिक्षा मॅडम, वर्गाला माझा विरोध हाय असं कोण म्हणालं तुमाला? उलट मी तर म्हणतो, बायका शिकल्याच पायजेत. आजच्या दिवसात अंगठ्याला शाई लावायची म्हणजे लाज हाय की! बसा, त्या खुर्चीवर बसा, पुसलेली हाय. तुमची संस्था चांगली, मालकांनी परवानगी दिली तेबी चांगलं, दुपारच्या सुट्टीत अर्धा तास — कुणाचं काय जात न्हाय. माझं म्हणणं एवढंच, की कोण येणार न्हाय. चाळीस बायका हायत हितं टॉवेलच्या कडा शिवायला. चाळिसातल्या चार आल्या तर मिशी उतरवीन. का म्हणजे? अहो, गरजच न्हाय त्यांना. मी हाय की.

नवीन हाय तुमी, म्हणून सांगतो. मागं मागावर हायत ते सगळे तेलुगू — नरसय्या आन् त्याची भावकी. शिलाईच्या बायका अक्कलकोट बाजूच्या, त्या आपसांत कन्नड बोलणार. मराठी कळतंय, पण कागद पुढं आला की तोंडाला कुलूप. आन् वर केबिनमधी धाकटे मालक, मृत्युंजयसाहेब — इंग्रजी शाळेत शिकलेले, मराठी बोलत्यात झकास, पण वाचायला दिलं की डोकं दुखतंय त्यांचं. 'हणमंतराव, तुम्हीच वाचा' — हे ठरलेलं. म्हणजे बघा, वरच्याला वाचायचा कंटाळा, खालच्याला वाचता येत न्हाय, आन् मधी मी. कागदावर टाइमकीपर हाय मी, पण सगळे मास्तर म्हणत्यात. उभ्या जन्मात कुणाला अ शिकवला न्हाय, तरी मास्तर! मान हाय, मॅडम. पोरांच्या शाळेचे कागद, दवाखान्याचे, रेशनचे — सगळे ह्या टेबलावर येत्यात. बाई पदर सावरून उभी राहती, 'मास्तर, एवढं बघता का' — आन् मी म्हणतो, थांब जरा. थांबवावं लागतंय; लगेच बघितलं तर किंमत राहत न्हाय.

इंग्रजी? येतंय की. रजेचे अर्ज मीच लिहितो इंग्रजीत, मालकांना तसेच लागत्यात. एक अर्ज शाळेपासनं तोंडपाठ हाय माझा — ताप आल्याचा. आता रजा ती रजा, कारण काय का असंना! नरसय्याच्या पोरीचं लग्न होतं, तो बिचारा तेलुगूत अर्धा तास सांगत होता हात जोडून, मी लिहिलं — ताप. त्याच्या भावकीतल्या सहा जणांनाबी त्याच आठवड्यात ताप, सगळे एकाच मांडवात! मालक घाबरले. सगळ्या शेडमधी डासांची फवारणी केली, डॉक्टर बोलावला. नरसय्या कामावर आला तर डोक्यात अजून अक्षता, आन् डॉक्टरनं त्याला सुई टोचली. हसू नका, मॅडम. माझी काय चूक त्यात? वाचता येत न्हाय तर सही करावी कशाला माणसानं?

कुटली, ती हिरवी? ती तक्रारपेटी. तीन वर्षं झाली लावून, चावी माझ्याकडंच असती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालकांसमोर उघडायची आन् मी वाचून दाखवायचं. आता तक्रार लिहायची कुणी? ज्याला येतंय त्यानं. म्हणजे मीच! बाई येऊन सांगती, मी चिठ्ठी लिहितो, ती पेटीत टाकती, महिन्यानं मीच काढून वाचतो. त्यात ती गुरम्मा — शिलाईतली सगळ्यात जुनी बाई, कुंभारीहून येती — दर महिन्याला हजर. दर महिन्याला तेच रडगाणं. मग मी लिहितो — पंखा पायजे.

न्हाय, ती पंखा म्हणत न्हाय. ती दुसरंच काय तरी म्हणती. पण सोलापुरात पंखा मागितला तर कोण शंका घेईल, तुमीच सांगा! मालक भला माणूस, तीन चिठ्ठ्या झाल्या की एक पंखा. अकरा झाले, मॅडम, अकरा! त्या खिडकीतनं शेडमधी वर बघा, छत दिसतंय का कुटं? टॉवेलचा सगळा केर उडून बायकांच्या नाकातोंडात जातोय, थंडीत शाली पांघरून शिवत बसत्यात बिचाऱ्या. अकरावा लावला तवा मालक स्वतः आले, गुरम्माला म्हणाले, 'आता झालं समाधान?' ती म्हणाली, 'साकु, साकु.' कन्नडमधी साकु म्हणजे पुरे. मालकांनी विचारलं काय म्हणतीय, मी म्हटलं, आभार मानतीय.

खरी तक्रार? काय विशेष न्हाय हो. संडासाच्या दाराला कडी न्हाय, एवढंच. बायकांच्या. — होती की पहिल्यांदा! मी काढून घेतली. का म्हणजे? आत जाऊन बसायच्या, दहा-दहा मिनिटं. टाइमकीपर हाय मी, टाइम बघायला नको? कडी काढली, दोन मिनिटांत बाहेर! तर आता एक आत जाती आन् दुसरी बाहेरनं दार धरून उभी राहती. एका कामाला दोन माणसं — ह्याला म्हणत्यात अडाणीपणा. तीन वर्षं दार धरत्यात, पण अक्कल न्हाय आली. मालकाला तोंडानं सांगायचं म्हटलं तर संडासाचं नाव परक्या पुरुषासमोर कोण बाई काढंल? लाजत्यात. आन् मी तरी माझ्याच हातानं कसं लिहू, 'मास्तरनं कडी काढली' म्हणून? तुमी लिहिलं असतं का? — असं बघू नका माझ्याकडं.

विषय वर्गाचा चाललाय. ही गुरम्मा तुमच्या वर्गात येणार? पंचावन्न वय! मागच्या महिन्यात डब्याच्या पिशवीत नातीची अंकलिपी घेऊन आली. मी म्हटलं, म्हातारे, हे काय? तर म्हणती, शेंगाचटणीला तेल सुटतंय, डब्याखाली घालायला आणलीय. हे तिच्या लेखी पुस्तकाचं मोल! महिनाभर रोज आणती. आन् मी लिहीत असलो की टेबलाजवळ येऊन उभी, माझ्या हाताकडं बघत. काय बघतीस म्हटलं, तर म्हणती, मास्तर, अक्षर लई चांगलं हाय तुमचं. आता ते मात्र खरं हाय.

पटत न्हाय तुमाला? दाखवतोच थांबा. ह्या महिन्यात एक बाई फिरकली न्हाय माझ्याकडं चिठ्ठी लिहून घ्यायला, गुरम्मासुद्धा न्हाय. म्हणजे तक्रारच न्हाय कुणाची! ही चावी... गंजलीय जरा... ही बघा पेटी, रिकामी —

न्हाय, एक हाय.

माझं अक्षर न्हाय हे. पेन्सिलीनं लिहिलंय, केवढं मोठं मोठं, रेघ सोडून खाली गेलंय. कागदाला तेल लागलंय... चटणीचा वास येतोय. वाचतो की, मला काय वाचता येत न्हाय का! 'पंखे पुरे.' — पुढं? पुढं काय न्हाय. म्हणजे हाय, पण चष्मा बदलायचा हाय माझा... अहो, ओढू नका, फाटंल! मोठ्यानं वाचू नका, मॅडम, बाहेर ऐकू जातंय. व्हय, 'कडी लावा', तसंच लिहिलंय. झालं? द्या हिकडं. सोमवारी मी रीतसर मालकांना वाचून दाखवीन.

कुटं निघाला? केबिनमधी? आत्ता? मालक जेवत असत्याल. आन् सांगितलं न्हाय का, मराठी वाचलं की डोकं दुखतंय त्यांचं... चारच शब्द हायत, दुखणार न्हाय म्हणता? मॅडम, अहो मॅडम, ऐका तर! वर्ग घ्या की, रोज घ्या, हितं माझ्या टेबलावर घ्या, खडू मी आणून देतो... मॅडम —

आन् तू गं? तू कधीपासनं उभी हाईस उंबऱ्यात? बाजूला हो, गुरम्मा, मला जायचंय मालकांकडं, त्या मॅडमच्या आधी जायचंय. ए, मॅडमला जाऊ दिलंस आन् माझ्या तोंडावर दार ओढतीस? मास्तर हाय मी! बाहेरनं काय धरून उभी राहिलीस... कोण कोण हाय गं तिथं?

गुरम्मा. दार सोड की.