नागिणीने बिजलीला उचलले त्याबाबत

जबाब. नाव शेवंती कान्हा कोळी, वय ५५ वर्षे, धंदा मासळीविक्री, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, सन १९९८ च्या सुमारास केबलवर ‘वाघिणींचा आखाडा’ हा बायकांच्या कुस्तीचा कार्यक्रम लागायचा. त्यात मी नागीण होते. मंजुळा, राहणार ठाकुर्ली, ही बिजली होती. शूटिंग शीळफाट्याजवळ एका गोडाऊनमध्ये व्हायचे. बिजलीला लोक टाळ्या वाजवायचे, मला शिव्या घालायचे. बाजारात काही बायका माझ्याकडून पापलेटसुद्धा घेईनात. मला राग नाही यायचा, उलट मजा वाटायची. तसे दिवस परत आले नाहीत.

कंपनीचा नियम होता की, नागीण आणि बिजली बाहेर एकत्र दिसता कामा नयेत, आणि खेळातले काही घरीही सांगायचे नाही. म्हणून आम्ही पडद्यामागे बसून जेवायचो. ती वरणभात आणायची, मी सुकटीची चटणी. मग ती रिक्षाने पुढे निघायची, मी मागून. कार्यक्रम बंद पडला, कंपनी गेली, नियम मात्र आम्ही दोघी पाळत राहिलो. वेडेपणाच तो. तिच्या लग्नालाही मी गेले नाही. तिचा मुलगा केतन मला आईची वैरीण समजूनच मोठा झाला. शेवटच्या कुस्तीत मला हरवून तिने मिळवलेला पट्टा त्यांच्या शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला केतन तो कौतुकाने दाखवतो, असे ऐकून आहे.

डोंबिवलीच्या हेमांगी मॅडम आमच्या त्या कार्यक्रमावर माहितीपट करत आहेत. काल रविवारी त्यांनी ठाकुर्लीच्या एका हॉलमध्ये गाद्या टाकून आम्हाला समोरासमोर आणले. इतक्या वर्षांनी मंजुळाला बघून मला रडूच फुटले. ती म्हणाली, “रडतेस काय गं, उचल मला.” मी म्हटले, “अगो, वय काय आपलं!” तरी उचलले. माझा गुडघा सटकला, दोघी आपटलो, तिचे मनगट मोडले. केतन ओरडत धावून आला. जुन्या वैरातून मी तिला मुद्दाम आपटले, अशी त्याने तक्रार दिली आहे.

आमचे वैर कधीच नव्हते. कोण कधी पडणार ते सकाळी ठरायचे, त्याची तालीम व्हायची. माझे वजन तिच्यापेक्षा वीस किलो जास्त. मी खरी भिडले असते तर ती राहिली नसती.

त्यावर साहेबांनी विचारले की, म्हणजे शेवटच्या कुस्तीचा निकालही आधीच ठरला होता काय? तेव्हा केतन दारात उभा होता. मंजुळा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिने मान खाली घातली.

मी सांगते की, बाकी सगळ्या कुस्त्या ठरलेल्या होत्या, ती एक नव्हती. मी जीव तोडून लढले आणि तिने मला चीत केले. वीस किलो जास्त असून कशी काय, असे साहेबांनी हसून विचारले. हसू नका साहेब, बिजली होती ती, लिहा, असे मी सांगितले.

हा जबाब मला वाचून दाखवला. शेवटचा भाग मी पुन्हा मोठ्याने वाचायला लावला, दारापर्यंत ऐकू जाईल असा. तो मी सांगितला तसाच आहे, खरा आहे.