एकतीस वर्षांतली एकच चूक

या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या वाहिनीचे प्रमुख, त्यांच्या शेजारी बसलेले आमचे दिग्दर्शक, आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो त्या आपल्या वहीबाई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान आणि लेक, आणि स्टुडिओ नंबर दोनमधल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

मी या मालिकेचा लेखक. मला पाच मिनिटं दिली आहेत. लेखकाच्या हातात माइक द्यायचा आणि वर घड्याळ दाखवायचं, हा आयोजकांचा भाबडेपणा आहे. असो.

मी छान भाषण लिहून आणलं होतं. दोन सुभाषितंही होती त्यात. पण आत्ता सूत्रसंचालकांनी बाईंच्या सेवेचा अहवाल वाचला. 'एकतीस वर्षांत फक्त एक चूक!' आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता माझे हात जड झाले हो. म्हणून तो कागद खिशात घातला आहे. आज खरं बोलतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. बाईंचं काम काय? समजा, नायिका एप्रिलमध्ये दाराबाहेर पडली आणि त्याच प्रसंगातली खोलीच्या आतली बाजू आम्ही जूनमध्ये चित्रित केली. तर एप्रिलमध्ये तिच्या कोणत्या खांद्यावर पिशवी होती, केसांची बट कुठल्या कानामागे होती, हे बाईंच्या वहीत असतं. वहीत आणि फोटोत. आमचे दिग्दर्शक स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हेसुद्धा बाईंना विचारतात. खोटं आहे का साहेब? बघा, हसले.

आता आपली मालिका. पहिला सीझन तुम्ही पाहिलाच आहे, तरी आठवण देतो. टेकडीवरच्या वेधशाळेतला एक शास्त्रज्ञ आतून कडी लावलेल्या खोलीतून नाहीसा होतो. खोलीला सील लागतं. अकरा वर्षांनी त्याची मुलगी तपास अधिकारी म्हणून तिथे येते. बाप गेला कुठे? हाच दहा भागांचा प्रश्न. आणि मंडळी, उत्तर मला माहीत नव्हतं! प्रमुखांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, 'शेवट डोक्यात पक्का आहे.' डोक्यात काय होतं? नुसता वारा.

चौथ्या भागाच्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती. जेवणाच्या सुट्टीत सेट रिकामा असायचा. मी त्या शास्त्रज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसलो. म्हटलं, इथे बसून तरी काही सुचेल. सोबत चहाचा थर्मास होता, पेला नव्हता. समोर टेबलावर कप होता.

सामानवाल्या काकांनी त्या टेबलावर चाळणीने पावडर भुरभुरवून अकरा वर्षांची धूळ तयार केली होती. तो कप त्या धुळीत डाव्या हाताला ठेवलेला होता, कारण शास्त्रज्ञ डावखुरा. हे मीच लिहिलेलं! आणि मी शहाण्याने त्यात चहा ओतला, अर्धा प्यायलो आणि कप ठेवला उजव्या हाताला. ओला गोल धुळीत उमटला. मला पत्ताच नाही. हाक आली, उठलो, गेलो. घाईघाईत चित्रीकरण झालं. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोटो ताडून पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर भाग वाहिनीकडे गेला होता.

प्रेक्षक काय सोडतात होय! अकरा वर्षं बंद खोली आणि आत ताजा चहा? फोन सुरू झाले, पत्रांचा ढीग लागला. प्रमुखांनी सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षमहाराज, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, "कप कोणी हलवला? ज्याने हलवला त्याने आजच्या आज घरी जावं."

मी काय केलं? मूग गिळून बसलो. बुटांच्या नाड्या बघत होतो.

आणि बाई उभ्या राहिल्या. "माझं लक्ष चुकलं साहेब," म्हणाल्या.

दिग्दर्शकांनी रदबदली केली, 'वर्ष-दीड वर्षात निवृत्त होतायत, राहू द्या' म्हणाले, म्हणून नोकरी वाचली. पण सेवापुस्तकात नोंद झाली. तीच ही एक चूक. तिलाच तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्या.

मी बाहेर धावत गेलो. "बाई, हे काय केलंत?"

त्यांनी वही उघडली. आत फोटो होता. खुर्चीत मी, डोळे मिटलेले, तोंडाला कप. विचारवंत! सुट्टीत त्या सेटचा फोटो काढायला आल्या होत्या आणि 'लेखक विचार करताहेत, कुणी आत जाऊ नका' असं बाहेर सगळ्यांना बजावून जेवायला गेल्या होत्या. मी त्या कपातून खरोखर चहा पीत असेन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. कुणाच्या येईल?

"शेवट लिहिलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ठाऊक होतं मला. अहो, मला काढलं तर दुसरी वहीवाली मिळेल. तुम्हाला काढलं तर त्या पोरीला तिचा बाप कोण शोधून देणार?"

मला तिथेच रडू आलं. खरंच सांगतो. त्यांनी मला रुमाल दिला नाही, एक पत्र दिलं. कुण्या निवृत्त आजोबांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'शास्त्रज्ञ कुठेही गेलेला नाही. आतच बसून चहा पितो आहे. तुम्हाला दिसत नाही, याला तो काय करणार?'

"हे चूक समजू नका," बाई म्हणाल्या. "खरं समजा आणि लिहा. आणि इथून पुढे कागदी कपातून प्या."

मी लिहिलं. त्या खोलीत वेळ हळू चालतो. बाहेरची अकरा वर्षं म्हणजे आतली अकरा मिनिटं. बाप अजून तोच चहा पितोय. शेवटच्या भागात मुलगी कपाला हात लावते आणि म्हणते, 'बाबा, गरम आहे अजून.' त्या प्रसंगावर तुम्ही सगळे रडलात, दुसरा सीझन मंजूर झाला आणि उत्कृष्ट कथेच्या पुरस्काराची बाहुली माझ्या कपाटात येऊन बसली. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

बाई, खाली बघू नका. आज मी तुमचं ऐकणार नाहीये. मागच्या आठवड्यात तुम्ही मला दम दिलात, 'भाषणात भलतंसलतं बोलायचं नाही.' तुमच्या यजमानांनाही तुम्ही हे सांगितलेलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. काका, तुमच्या घरात एकतीस वर्षं एकही चूक न केलेलं माणूस आहे. तुम्हाला त्याचा त्रास होत असेल, पण खरं ते खरं.

तेव्हा अध्यक्षमहाराज, एक विनंती आहे. तो कप मी हलवला. बाईंच्या पुस्तकातली नोंद खोडा आणि माझ्या पुस्तकात घाला. घरी पाठवायचं असेल तर घरीही जातो. दुसऱ्या सीझनचा शेवटही मला सुचलेला नाही, हेही होऊन जाऊ दे एकदाचं.

थांबा. अध्यक्ष हसताहेत. मान हलवली त्यांनी, पाहिलीत ना सगळ्यांनी? बाई, वर बघा, ते हो म्हणताहेत. पेन मागताहेत! अहो, कुणीतरी पेन द्या त्यांना! हुश्श. दीड वर्षाने आज जीव भांड्यात पडला माझा. आता खुशाल वाजवा टाळ्या, आता त्या बरोबर माणसाला मिळतील.

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी संतापायच्या ऐवजी पेन मागितलं, सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही उणंअधिक झालं असेल, तर ते तेवढं माझ्या नावावर लिहा. बाई, तुम्ही बसा. या वेळी तुम्ही उभं राहायचं नाही.