सातवा कागद

नाई, बेटा, मले नाई आठवत — सहा वर्षं झाली, कोन्या कागदावर काय होतं हे मी कुठून सांगू? तू बस आधी, त्या डब्यावर नको, ओला हाये तो, इकडं स्टुलावर बस. रामसिंगची उज्ज्वला तू! हैदराबादच्या आमच्या खोलीत तुहा फोटो होता, चहा पिता पिता तुहा बाप फोटोशी बोलाचा. अन् आता तुहं लगन! लगनाच्या घाईत मुकुटबनहून गाडी धरून तू पांढरकवड्याले आली, हबीब पेंटरचं दुकान इचारत इचारत — अन् ते कायले, तर बापानं सातवा कागद काढलता का नाई हे इचाराले! तुहा बाप लगनघराच्या भितीवर चित्र काढत नाई म्हणून? काय म्हणते तो — बाकी बारा कागद होते, एक सातवाच राह्यला, माहा हात मधलं विसरते? असं म्हणते? … असं म्हणते तर.

हात नाई गेला कोनाचा, पोरी, कामच गेलं. सगळ्या घरानं एका रांगेत बसून पाहाचा असा पिक्चर होता आमचा, हातानं काढलेला, कागदावर, एकेक. आज्या, नातवंडं, नवी लगनाची पोरं, सारे हसले पायजे अन् सारे रडले पायजे. एक वासरू नाल्याच्या पान्यात पाय टाकते — पडद्यावर सेकंदभर. त्या सेकंदाले रामसिंगचे चार दिवस. अन् लोकाईनं काय केलं? आपल्या इथल्या टाकीजमधे तीन दिवस चालला तो. मी अम्मीले घेऊन गेलतो, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, एक जन तर पाय पसरून घोरत होता. चौथ्या दिवशी मारामारीचा लागला, मंग पाहा गर्दी! मंग आले कंप्युटरचे. गाईच्या अंगावरचा केसनकेस दिसते त्यात, पन ते गाय कोनाकडं पाहून राह्यली हे काई समजत नाई. माही तमन्ना ते पाहते अन् मले म्हणते, अब्बा, तुमचं वासरू तर कागदाचं दिसते. मी म्हणलं, कागदाचंच हाये, बाई.

आता काय काढतो? हे पाह्य — कपाशीचं बोंड. बियान्याच्या कंपनीचं. पांढरकवड्यापासून वनीपर्यंत रस्त्यावरच्या भिताडावर माहे बोंडं हायेत, टरारून फुटलेले. एका साली वावरात अळीनं काई ठेवलं नाई, चांगलं फुटलं ते माहं भिताडावरचंच. लोक येता-जाता पानाची पिचकारी मारतात त्याच्यावर. कंपनीवाला त्याईले सापडत नाई, बोंड सापडते. मी काहून राग मानू? मारा म्हणतो. अन् हेबी आता जाऊन राह्यलं. नागपूरहून फ्लेक्स आलं, छापलं की टांगलं. एकाच कंप्युटरनं माह्या पोटावर दोनदा पाय देल्ला, पोरी. हास नको. बरं, हास.

त्याच्यात तुह्या बापाची काय चूक? काईच नाई. तुले आमचं कामच ठाऊक नाई म्हणून तू त्याचं ऐकून घेतलं. आन ते तुहं वहीचं पान, मी दाखवतो. मोठे आर्टिस्ट पह्यला कागद काढून देत अन् तेरावा काढून देत. पह्यल्यात वासराचा पाय काठावर, तेराव्यात पान्यात. मधले सारे आपले, म्हणून आम्हाले मधलेच म्हणत — ए मधले, इकडं ये! तर मधला मानूस एक-दोन-तीन-चार असा नाई जात. तसा गेला तर वासरू दारू पिल्यावानी चालते. पह्यले ठीक मधला काढाचा. पह्यला अन् तेरावा खाली ठेवून, काचेतून उजेड देऊन, त्याईच्या बराबर मधला सातवा. त्याच्यावर सारं उभं राह्यते. सातवा झाला की मंग चौथा, मंग दहावा, मंग उरलेले. सातव्याबिगर चौथा काढून दाखवा म्हणा कोनी, मी माही मिशी उतरवतो! अन् तुहा बाप तर असा होता का सातव्यालेच दोन दिवस घेये, बोटात कागद धरून फडफड पलटवून पाहे, खोडे, पुन्हा काढे —

काय पाहून राह्यली तू?

बोटं कायले मोजून राह्यली?

…

बराबर. बराबर हाये तुहं. बाकीचे बारा गठ्ठ्यात होते, म्हंजे सातवा त्यानं पह्यलेच काढलता. मीच सांगून बसलो. माही जीभ — कामाचं बोलाले लागली का थांबत नाई.

ऐक मंग. पिक्चर संपत आलता तवा हैदराबादच्या आमच्या साहेबानं सांगतलं, तिसातले दोघं कंप्युटरवर ठेवतो, बाकीच्याईनं घरी जायाचं. सारे आपापला गठ्ठा टेबलावर ठेवा, पलटवून पाहीन. रामसिंगले दोन दिवसांचा ताप होता, तरी काम पुरं करून ठेवलं त्यानं. दुपारी तो तोंड धुवाले गेला. माह्या बाजूलेच त्याचं टेबल. मी एक कागद ओढला. एकच. अंगरख्याच्या आत, पोटाले लावून. साहेबानं गठ्ठा पलटवला अन् वासरानं झटका खाल्ला. सातवा कुठं हाये, रामसिंग? तुहा बाप टेबलाखाली वाकला, खाने पाह्यले, माह्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, राह्यलं असन साहेब, तापात होतो. साहेबालेबी समजत होतं, तोबी याच कामातला. पन त्याले मानूस कमीच कराचा होता, त्यानं रामसिंगचं नाव खोडलं.

सातवा मंग मीच नवा काढला. अम्मीनं टाकीजमधे इचारलं, हबीब, हे वासरू इथं लंगडलं काहून रे? बाकी कोनाले दिसलं नाई, पापनी लवते तेवढंच तर होतं. माह्या म्हाताऱ्या अम्मीले दिसलं. अन् कंप्युटरवर मी किती दिवस बसलो? चार महिने! मंग मलेबी हाकललं. त्याच्यासाठी केलतं मी हे.

हे घे. या लोखंडी पेटीतच ठेवलता. वरचे ब्रश सरकव. पाह्य, डावा कान मागं वळला हाये — पाय पान्यात अन् कान मायच्या हाकेकडं. हे मले नाई जमलं. जलमात नाई जमलं. फाडाले गेलतो दोन खेपा, हात नाई उचलला.

पन थांब… सातवा पह्यले काढतात हे मले ठाऊक, साहेबाले ठाऊक, मंग तुह्या बापाले ठाऊक नसन? त्यानंच तर मले शिकवलतं ते, पह्यल्या हप्त्यात! ताप उतरला तसं त्याले समजलं असन. वाकून उठला तवाच समजलं असन, म्हणून तर माह्याकडं पाह्यलं. अन् तरी सहा वर्षं घरच्यापाशी, तांड्यात, तुह्यापाशी — माहा हात मधलं विसरते म्हणते. माहं नाव झाकाले. त्यापरीस त्यानं माह्या दुकानात येऊन चार लोकात माह्या कानाखाली देल्ली असती तर मी निवांत झोपलो असतो, पोरी.

नाई. लगनाले मी नाई येत. तोंड नाई मले. तू कागद सपाट ने, गुंडाळी करू नको, वहीत ठेव. त्याले म्हण — नको, काई म्हणू नको. नुसता समोर ठेव अन् भीत पांढरी करून ठेव. इथं पाहत नको बसू आता, माह्यासमोर नको. जाय, तुही मुकुटबनची गाडी लागली. पडदा लोटून घे जाता जाता. माहं बोंड अर्धं राह्यलं हाये.