खालची बाजू

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. नवरा किडनी देणार होता, आणि फॉर्मवर बायकोची सही तेवढी राहिली होती.

"तुमच्या कामावरच्या जोडीदाराला सख्खा भाऊ आहे ना? मग तुम्हीच का?"

"भावाची जुळत नाही. माझी जुळतेय."

"जुळतेय म्हणून काढून द्यायची? शर्टाचं बटण आहे का ते?"

"अगं, एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो. डॉक्टरच म्हणाले."

"त्यांचं काय जातंय म्हणायला! लोकांची कपाटं उचलून पोट भरतो आपण. उद्या तुम्हाला काही झालं, तर मुलींकडे कोण बघणार?"

"माझा गुडघा कधी गेला, आठवतं तुला?"

"त्याचं इथं काय?"

"जिन्यावरून कपाट उतरवताना सगळा भार खालच्या माणसावर येतो. वरच्यानं नुसतं धरायचं, आणि पायऱ्या मोजून सांगायच्या."

"बरं, मग?"

"आलटून पालटून खाली राहायचं ठरलं होतं आमचं. गुडघा गेल्यापासून तोच खाली असतो."

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"त्यानंच बजावलं होतं. म्हणाला, वहिनीला कळलं तर ती तुला कामावर पाठवणार नाही."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अगं, रडतेस काय? लोक बघतायत."

"बघू देत. पेन द्या इकडे."

"हे घे."

"आणि त्याला सांगून ठेवा, बरा झाला की परत खाली त्यानंच राहायचं."