कुठल्या ओळीला जांभई आली?

नाही नाही, देऊन टाका, जांभई काय अडवायची — फक्त कुठल्या ओळीला आली तेवढं सांगा. तिसऱ्या? वाटलंच मला! बसा ना, त्या खुर्चीवर कोणी नाहीये. सकाळपासून या परिषदेत माझ्या संशोधनाच्या पोस्टरपाशी उभी आहे, थांबलेले तुम्ही पहिलेच. पाय दुखले म्हणून थांबलात? असू दे की, थांबलात ना!

त्याचं काय आहे, आमचे हे बसडेपोत होते, वेळापत्रकं लावायचे. विज्ञानाशी काडीचा संबंध नाही. पण माझा प्रत्येक शोधनिबंध मी आधी त्यांना वाचून दाखवायची — जेवणं झाली की, मोठ्यानं. त्यांचे डोळे मिटले की तिथे पेन्सिलची खूण. ते वाक्य गेलं! चिडायची मी, कधीकधी हलवून जागं करायची. ते म्हणायचे, "अगं, भाजलेल्या जखमेवरची पट्टी काढताना कातडी सोलून निघत नाही, एवढंच ना तुझं म्हणणं? मग तसंच लिही की." लिहिलं तसंच. छापून आलं, डॉक्टरांनी स्वतःहून फोन केले. आणि हे बघा — हे माझं मीच लिहिलंय. शीर्षकच तीन ओळींचं! दोन नियतकालिकांकडून परत आलंय, भाषा क्लिष्ट म्हणे. वाचते ना, अजूनही मोठ्यानं वाचते घरी — पण खूण कुठे करायची, कळत नाही.

काम चांगलं आहे हो, तुम्हाला म्हणून सांगते. गेल्या महिन्यात वॉर्डात एका मुलीच्या भाजलेल्या हातावरची, आम्ही बनवलेली पट्टी काढली. भिंतीकडे तोंड करून, दात घट्ट आवळून बसलेली. नर्सनं पट्टी केव्हाच बाजूला ठेवली, तरी ही तशीच. मग हळूच विचारते, "काढताय ना?" — काढून झाली होती हो! तशीच निघाले मी, कधी एकदा घर गाठते असं झालेलं. कुलूप काढलं, चप्पलसुद्धा न काढता आत — "अहो, ऐकलंत का—"

वर्ष होऊन गेलं होतं त्यांना जाऊन.

तुमचा फोन वाजतोय. घरून आहे? मग उचला ना. नाही, माझं काही राहिलेलं नाही सांगायचं — जा तुम्ही, बाहेर जाऊन बोला, इथे नीट ऐकू येत नाही.