डावीकडे गाडी आहे

—अहो नाही, त्या खुर्चीवर नको, ती राहू द्या तशीच. हे स्टूल घ्या. हां. तर काय म्हणत होतात—शर्यतीचा खेळ सगळा स्क्रीन अडवून बसतो म्हणून वरच्या माहितीच्या चौकट्या दिसत नाहीत—मग करा की त्याला बिनकाठाच्या खिडकीत, मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात ना, कॉम्प्युटरचा पंखा साफ करायला आला होतात तेव्हा. पोरीनं हे नवं घेऊन दिलंय, ओव्हरले का काय ते. शर्यत चालू असताना कोपऱ्यात दिसत राहतं म्हणे—पुढे कोण, मागे कोण, पेट्रोल किती उरलं, टायर किती तापले. घेऊ दे बापडीला. लांब राहते, बापाची काळजी वाटते, मग असं काहीतरी पाठवते. तुम्ही करा तुमचं, जुने ड्रायव्हर काढा, नवे घाला, मशीन चालू झाल्याबरोबर जी फालतू सॉफ्टवेअरं उठून बसतात ती बंद करा—माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या एका फोल्डरला हात लावायचा नाही. आवाजाच्या.

का म्हणजे? सांगतो, पण हसू नका. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचो. या भागातल्या निम्म्या लोकांना माझ्या शेजारी बसून घाम फुटलेला आहे. आणि मला बायको मिळाली कशी—जिला डावं-उजवं कळत नाही! खोटं नाही सांगत. टॅक्सीवाल्याला म्हणायची उजवीकडे घ्या, आणि हात डावीकडे. तो बिचारा तोंडाकडे बघणार की हाताकडे? तर माझी मान आखडली, मणक्याचं काहीतरी निघालं, मागे वळून बघता येईना—आणि ज्याला मागे बघता येत नाही त्यानं रस्त्यावर जाऊ नये, हे मीच शिकवायचो ना लोकांना—दिली किल्ली पोरीकडे. मग नुसता बसून राहायचो भिंतीकडे बघत. त्यावर पोरीनं हे आणलं, स्टिअरिंग, पेडल, सगळं. यातही पंचाईत तीच, समोरचं दिसतं, बाजूचं नाही. शेजारी गाडी आली की खाली कोपऱ्यात एक ठिपका येतो, तेवढाच. मी रस्ता बघू की ठिपका? तर ही म्हणाली, मी बघते ठिपका. त्या खुर्चीवर बसायची, डोळ्यांत तेल घालून. आणि ओरडायची—“डावीकडे गाडी आहे!” मी उजवीकडे सरकायचो आणि धाडकन. गाडी उजवीकडेच असायची! काय भांडलोय आम्ही, काय भांडलोय. शेवटी माझ्या लक्षात आलं, ही काही सुधारायची नाही, आपणच उलटं ऐकायला शिकलेलं बरं. आणि शिकलो हो. ती डावी म्हणाली की माझे हात आपोआप उजवी बाजू सोडायचे. विचारसुद्धा करावा लागायचा नाही.

मग ते दुखणं आलं. हॉस्पिटलात राहायचं ठरलं तेव्हा हिला काळजी कसली—तर तुमच्या शर्यतीचं कसं होणार! पोरीनं मग स्वयंपाकघरात तिच्यासमोर फोन धरला आणि तिचा आवाज भरून घेतला, डावीकडे गाडी आहे, उजवीकडे गाडी आहे, दोन्हीकडे आहे, अजून आहे, मोकळं. झालं. ते या मशीनमध्ये घातलं, ठिपका आला की आपोआप तिचा आवाज लागतो. पोरीला म्हटलं, डावी-उजवी उलटी लाव, तुझी आई आहे ती. उलटीच लावली तिनं. “मोकळं” म्हणते ना, तेव्हा मागे ओट्यावर चमचा पडल्याचा आवाज येतो, ऐका कधीतरी. ती हॉस्पिटलातून परत आली नाही. पण इथे—इथे बोलत होती ना. तशीच चुकत. मला तेवढं पुरत होतं.

आता सांगतो ते पोरीला सांगू नका हं, ती घाबरेल, गाशा गुंडाळायला लावेल मला. हल्ली ती चुकत नाही. अहो खरंच! मध्यंतरी एक दिवस शर्यतीला बसलो, ती म्हणाली डावीकडे, मी नेहमीसारखी डावीकडे घेतली—धाडकन. म्हटलं, बघण्यात चूक झाली असेल माझी. परत धाडकन. दर वेळी. मग ठिपका नीट बघितला. गाडी खरंच डावीकडे होती हो. ही बरोबर सांगत होती. फाईलला तर कोणी हात लावलेला नाही, घरात आहे कोण हात लावायला? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माणूस गेल्यावर शिकतं का हो काही? तिथे बसून—कुठे ते मला माहीत नाही—तिनं माझ्यासाठी एवढं शिकून घेतलं असेल? आयुष्यभर जमलं नाही ते? भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मग बरंही वाटायला लागलं. ती म्हणेल तसं सरळ ऐकायला लागलो, हातांनाही तेच वळण पडलं. मी तिला शाब्बास म्हणायला लागलो. मोठ्यानं. म्हणून ती खुर्ची—

काय झालं? तुम्ही असे का बघताय?

तुम्ही?

मागच्या वेळी. पंखा साफ केल्यावर चालवून बघितलंत, तेव्हा. फाईली उलट्या लागल्यात असं वाटलं, म्हणून नावं बदललीत. सुलट केलीत. मला सांगायलाही विसरलात, एवढीशी गोष्ट.

नाही, तुमचं कसं चुकलं? कोणीही हेच केलं असतं. शहाण्या माणसानं तर नक्कीच. मी—मी मूर्ख. शाब्बास म्हणत होतो.

परत करा. हो, होतं तसंच, चुकीचं. ती चुकते, तीच माझी. ही जी बरोबर सांगते ती कोण, मला माहीत नाही. करा. झालं? एवढ्यात? थांबा, एक फेरी मारून बघू द्या, दुसऱ्या गाड्याही घाला सोबत. हां. बघा, आल्या तुमच्या चौकट्या, छान दिसतात. आता मागून एक येतेय… येऊ दे… बोल ग…

ऐकलंत? “उजवीकडे गाडी आहे.” आणि ठिपका बघा, डावीकडे! आली! आली की नाही माझी—

धडकलो.

थांबा, बोलू नका. परत घेतो. ही दुसरी आली. म्हणाली बघा… छे. पुन्हा तिकडेच घेतली मी. जिकडे गाडी तिकडेच. अहो, मला माहीत आहे हो ती उलटं सांगते, मला माहीत आहे, पण हे हात—हे हात ऐकत नाहीत. हात विसरले तिला. किती दिवस झाले असतील तुम्हाला येऊन जाऊन? एवढ्यात विसरले?

नका, परत काही बदलू नका. तुमचं काम झालंय. बॅग उचला आणि निघा तुम्ही.