जोतीराम वारके यांनी हाताने केलेली खूण

जबाब
दि. १३/०५/२०२५

माझे नाव धोंडुबाई जोतीराम वारके, वय ६२ वर्षे, धंदा शेती व दूध, रा. मौजे पांगरेवाडी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती जोतीराम (वय ६६) यांचेसह राहण्यास आहे. पती वीज कंपनीत एकतीस वर्षे वायरमन होते. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गावच्या ओढ्यालगत आमचे रान असून त्याच्या मावळतीच्या बांधावरून अकरा हजार व्होल्टची लाइन गेली आहे. तिला तीन तारा आहेत.

दि. ११/०५/२०२५ रोजी गावातील विजयसिंह यांचा मुलगा आदर्श याचे लग्न होते. नवरा-नवरीला हेलिकॉप्टरमधून बिद्रीपर्यंत फिरवून आणायचे ठरले होते. आमच्या रानातला ऊस तुटून गेला असल्याने उतरण्यासाठी ते रान आम्ही दिले.

सकाळी १०.४० वा. हेलिकॉप्टर उगवतीकडून आले व नीट उतरले. पतींनी पायलट कॅप्टन उन्मेष यांना बांधापर्यंत नेऊन तारा दाखवल्या. मी चहा घेऊन तेथेच उभी होते. पती म्हणाले, "सायेब, जाताना हिकडनं जाऊ नगा. उन्हात तारा दिसत न्हाईत. आलाय तसं उगवतीकडनंच जावा." पायलट म्हणाले, "काका, मी वरून बघितल्यात." त्यांनी चहा घेतला नाही.

दुपारी १.१५ वा. आदर्श व नवरी मधुवंती आत बसले. विजयसिंह यांनी जाता जाता मंडपावर फुले टाकण्यास सांगितले. मंडप मावळतीला, तारांच्या पलीकडे होता. पायलट "टाकू की" म्हणाले. हे मी स्वतः ऐकले.

१.२० वा. हेलिकॉप्टर घराच्या उंचीइतके वर गेले व त्याने मावळतीकडे तोंड केले. पती पळत बांधावर गेले व दोन्ही हात डोक्यावर नेऊन कात्रीसारखे फिरवू लागले. लाइनवर काम करणाऱ्यांची ती थांबण्याची खूण आहे. घरात भाकरी पुरे म्हणायलाही ते तीच करतात.

पायलट थांबले नाहीत. हेलिकॉप्टरचे खालचे पाय तारेत अडकले व ते आमच्या रानात कुशीवर पडले. दोन तारा तुटल्या. एक हेलिकॉप्टरवर पडली होती. पतींनी लोकांना जागीच उभे केले. खांबावरील स्विचचा दांडा ओढून लाइन बंद केली, मगच ते जवळ गेले. त्यांनी आधी मधुवंतीस व नंतर आदर्शला बाहेर काढून लोकांच्या हाती दिले. दोघांना किरकोळ मार आहे.

तोवर धूर येऊ लागला होता. पायलट पट्ट्यात अडकले होते. मी पतींना "बास करा आता" म्हणाले. ते म्हणाले, "त्यो आत हाय न्हवं." त्यांनी म्हशीचे गवत कापायला घेतलेले माझ्या हातातले खुरपे घेऊन पट्टा कापला व पायलटला बाहेर ढकलले. नंतर आग लागली. पतींना लोकांनी ओढून काढले.

पती कोल्हापुरात दवाखान्यात आहेत. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. ते अद्याप बोललेले नाहीत. पायलट त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर आहेत. ते बोलतात.

दि. १२ रोजी सकाळी ११ वा. हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस मला दवाखान्यात भेटला. तो म्हणाला, "मावशी, काकांनीच हात करून इकडून या म्हटलं, असं पायलटनी सांगितलंय. त्यात वारंपण सुटलं, तारा ढिल्या होत्या. तुम्ही तसंच सांगा. काकांच्या औषधपाण्याचं आम्ही बघतो."

मी म्हणाले, "वारं सुटलं असतं तर मंडपाचं कापड हाललं असतं. त्ये हाललं न्हाई. ज्यानं तुमचा माणूस वडून काढला, त्येच्याच हातावर ह्ये घालताय व्हय?"

तो म्हणाला की काकांचे वय झाले आहे, आणि तुम्हालाही लांबून नीट दिसले नसेल. मी त्यास जाण्यास सांगितले. मी पतींपासून वीस पावलांवर होते. मार्च महिन्यात गारगोटीत माझे डोळे तपासले आहेत. पलीकडच्या बांधावरच्या म्हशीच्या कानातला बिल्ला मला वाचता येतो.

तरी माझे सांगणे आहे की, वारे नव्हते. तारा ढिल्या नव्हत्या. पतींनी पायलटला दोनदा अडवले, एकदा तोंडाने, एकदा हाताने. पायलटला तारा ठाऊक होत्या, तरी ते त्याच बाजूने गेले. विमान खात्याचे साहेब येवोत की कोर्ट बोलावो, मी हेच सांगणार. पायलटसमोर उभे करा, तिथेही सांगेन. पती बोलू लागल्यावर त्यांचा जबाब घ्यावा. तोपर्यंत त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाचे सांगणे लिहून घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पती बहुधा थांबण्याची खूण करीत असावेत" असे लिहिलेले निघाले. मी ते खोडायला लावून "थांबण्याची खूण करीत होते" असे लिहून घेतले व खोडलेल्या जागी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे.

सही/-
धोंडुबाई जोतीराम वारके